तळ्यावरचा बर्फ

केळंब्याच्या लोकांनी आपली अक्कल एका यंत्राकडे गहाण टाकली, त्याला आता काही वर्षं झाली होती. त्याआधी ती ज्योतिष्यांकडे होती, त्यामुळे गावाचं फारसं नुकसान झालं नाही, असं डॉ. नीलाक्षी खांबेटे म्हणायची. ती हे चारचौघांत, मोठ्याने म्हणायची. म्हणून तिला लग्नाकार्याला बोलवायच्या आधी लोक दोनदा विचार करत.

यंत्राचं नाव थरवाचक. कोकणातल्या नद्या लागोपाठ तीन पावसाळे बाजारपेठांतून हिंडून गेल्या, तेव्हा कुठे सरकारला जाग आली आणि कायदा झाला. जिथे घर बांधायचं तिथल्या जमिनीत एक लांब नळी उभी ठोकायची, आतला गाळ थर न मोडता वर काढायचा आणि तो गाळकेंद्रात नेऊन वाचून घ्यायचा. नीलाक्षी त्याच केंद्रात नोकरीला होती.

गाळ वाचणं यात जादू काही नाही. संथ पाण्याच्या तळाशी बारीक चिकणमाती बसत राहते, वर्षाला नखाच्या जाडीएवढी. नदी पिसाळून आली की वाळू घेऊन येते. जड वाळू आधी बसते, बारीक मागाहून, म्हणून पुराचा थर खाली भरड आणि वर मऊ असा सापडतो. नदी आज कितीही साळसूदपणे वाहत असली तरी तिने पूर्वी काय काय केलंय ते तिच्या काठच्या जमिनीत उतरलेलं असतं. थरात अडकलेले परागकण पाहिले की कुठल्या काळात भात पिकत होता आणि कधी जंगल तुटलं, पाऊस कधी वाढला, हेही कळतं. नीलाक्षीने तरुणपणी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून हे परागकण मोजण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. थरवाचक तेच काम दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत उरकायचा. नळी आत सरकवली की क्ष-किरणांनी प्रत्येक थर तपासायचा, त्याचं वय काढायचा, पूर मोजायचा आणि शेवटी त्या जमिनीला शंभरपैकी गुण द्यायचा.

गुण दिले तिथेच घात झाला. गुण दिसले की मराठी माणसाला पुढचं काही वाचायची गरज वाटत नाही. सरकारी भाषेतल्या गाळदाखल्याची लोकांनी महिन्याभरात गाळपत्रिका करून टाकली. मुलगी द्यायच्या आधी मुलाच्या घराची गाळपत्रिका मागू लागले. पंच्याण्णव गुणांच्या जमिनीवर राहणारे सत्तर गुणवाल्यांशी जरा मान वर करून बोलू लागले. एका गृहस्थाने तर पत्रिका सोनेरी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावली होती. नीलाक्षी त्यांच्याकडे गेली तेव्हा तिने ती चौकट पाहून विचारलं, "कोण गेलं?"

थरवाचक एका थंड देशातून आला होता आणि तिथल्याच सरोवरांच्या गाळावर शिकला होता. त्याला आधी कोकणातला गाळ शिकवा, असं नीलाक्षीने वरिष्ठांना सांगून पाहिलं. वरिष्ठ म्हणाले, "मॅडम, एवढं महागाचं यंत्र आहे, त्याला आपण काय शिकवणार?" त्यानंतर तिने त्यांना काही सांगायचं सोडून दिलं.

आणि मग ही पत्रिकेची साथ तिच्याच घरात आली.

*

"आई, अठ्ठ्याण्णव!" जावई अर्णव उंबऱ्यातूनच म्हणाला. त्याच्यामागे ओवी होती, नीलाक्षीची एकुलती एक लेक. तिला पाचवा महिना लागला होता.

अठ्ठ्याण्णव गुण मिळाले होते 'अमृततीर' या वसाहतीच्या जमिनीला. वसाहत बांधत होता केदार, नीलाक्षीचा धाकटा दीर. जागा काजवी नदीच्या वळणावर, पात्रापासून हाकेच्या अंतरावर. ओवी आणि अर्णव तळमजल्याचा फ्लॅट घेणार होते. पुढे अंगण होतं, बाळाला खेळायला. गौरीविसर्जनाच्या दिवशी सह्या करायच्या, असं केदारने मुहूर्त बघून ठरवलं होतं.

"दीडशे वर्षांत एकही पूर नाही," अर्णव म्हणाला.

"नदीच्या वळणावर?" नीलाक्षी म्हणाली. "का बरं? नदीने केदारभाऊजींना विचारून वळण घेतलं होतं?"

"अगं, यंत्राने दिलेले गुण आहेत," हृषीकेश म्हणाला. हा तिचा नवरा. जन्मात कोणाला दुखवायचं नाही, एवढ्या एका तत्त्वावर त्याने आयुष्य काढलं होतं, आणि त्यामुळे त्याचा कोणाला काडीचाही उपयोग नव्हता.

"त्या वळणावर मी बोट घालून वाळू दाखवते. मुलांनो, तो पूर तुमच्या झोपायच्या खोलीत येईल. तळमजला आहे तुमचा!"

"आई, पुरे," ओवी म्हणाली. "तुला माझं कॉलेज आवडलं नव्हतं. माझा दवाखाना आवडला नव्हता. अर्णव तर आजही आवडत नाही, हो ना? आजवर एखादी गोष्ट तुला बरी वाटलीय का? तू प्रत्येक गोष्टीला नाक मुरडतेस. मग त्यातलं कुठलं नाक मुरडणं खरं धरायचं, ते आम्ही कसं ओळखायचं?"

लेक पाण्यात बुडालेली नीलाक्षीला डोळ्यांसमोर दिसत होती, आणि ते सांगायला तिच्याकडे तोच एक कुत्सित सूर होता, जो ती रोज शेजाऱ्यांच्या पडद्यांच्या रंगाबद्दल वापरायची.

*

नळीतला गाळ उभा चिरून अर्धा यंत्राला द्यायचा आणि अर्धा केंद्राच्या शीतघरात ठेवायचा, असा नियम होता. दुसऱ्या दिवशी तिने अमृततीरचा अर्धा भाग बाहेर काढला आणि पुन्हा यंत्रात सरकवला. गुण तेच आले. पण या वेळी तिने थराथराचं वाचन पडद्यावर उघडलं, जे आजवर केंद्रात कोणीही उघडलं नव्हतं. सगळीकडे मऊ चिकणमाती. पुराची वाळू नाही. अधूनमधून मात्र काही गुळगुळीत खडे, झुबक्याने. त्यांच्यापुढे यंत्राने लिहिलं होतं: *हिवाळ्यात तळ्यावर धरलेला बर्फ वितळताना तळाशी पडलेले खडे.*

नीलाक्षी एकटीच मोठमोठ्याने हसली. यंत्राचा त्यात दोष नव्हता. थंड देशांत असंच होतं. काठचे दगड बर्फात अडकतात, बर्फ तरंगत मधोमध जातो, वितळतो आणि दगड मऊ गाळात पडतो. पण केळंब्यात बर्फ फक्त उसाच्या रसात मिळतो. तरी या वाचनावर तीन अधिकाऱ्यांनी मान्यतेचे शिक्के मारले होते.

हसून झाल्यावर मात्र तिने ते वाचन पुन्हा पहिल्या थरापासून पाहिलं. हा गाळ नदीकाठचा नव्हताच. हा एखाद्या तळ्याचा तळ होता. मग एवढ्या मऊ मातीत नदीतले गोटे आले कुठून?

तिने पातळ तारेने गाळ कापला. वरच्या थरांत एके ठिकाणी पाच खडे एकमेकांना बिलगून बसले होते, आणि त्यांच्याखाली पानाच्या शिरांची काळपट जाळी होती. द्रोणाची. तिने खडे हातावर घेतले आणि खुर्चीत बसूनच राहिली.

खांबेट्यांच्या आळीत मुखवट्यांच्या गौरी नसत, खड्यांच्या असत. काजवीच्या काठावरून पाच खडे वेचून आणायचे, तोंडात पाण्याची गुळणी धरून, वाटेत कोणाशी अक्षर न बोलता. तिसऱ्या दिवशी त्याच मौनाने ते द्रोणात घालून डोंगरावरच्या सोमेश्वराच्या तळ्यात सोडायचे. गणपती नदीत जात. तळ्यात फक्त या आळीच्या गौरी. न्यायच्या बायकांनी. घरातला पुरुष दारात उभा राहून घंटा वाजवी आणि मग घावन-घाटल्याचं काय झालं ते बघायला आत जाई.

नीलाक्षीने सासरी आल्यापासून ते खडे नेले होते. पुढे ओवी नेऊ लागली. लहानपणी ती तळ्याच्या पायरीवर हटून बसायची, की हे खडे पुन्हा भेटले तर ओळखायचे कसे? नीलाक्षी म्हणायची, दगड ते, ओळखून काय करायचंय.

केदारने काय केलं होतं ते आता स्पष्ट होतं. जिथे नदीचं पाणी कधीच पोचलं नाही अशा जागचा गाळ त्याला हवा होता. सोमेश्वराच्या पायरीवर उभं राहून माणसांनी आरामात नळी ठोकली असेल. आपल्या आईने, वहिनीने, पुतणीने दरवर्षी गौरी नेमक्या त्याच पायरीवरून सोडल्या, हे त्याला माहीतच नव्हतं. जन्मभर त्याने दारातली घंटा वाजवली होती, पण बायका पुढे कुठे जातात हे एकदाही विचारलं नव्हतं.

वरिष्ठांनी तिचं ऐकून घेतलं आणि सांगितलं की डोळ्यांनी पाहून यंत्राचं वाचन रद्द करायची नियमात सोय नाही. दुसरा नमुना घ्यायला जमीनमालकाची संमती लागेल. तीही सणानंतर.

*

गौरीपूजनाच्या दिवशी सगळे तिच्याकडे जेवायला होते. यंदाचे पाच खडे गणपतीशेजारी हळद-कुंकू लेवून बसले होते. स्वयंपाकघरात ओवी घावन काढत होती. पहिला घावन केदारच्या पानात पडला आणि नीलाक्षीने त्याच्यापुढे एक ताटली ठेवली. तिच्यात ते पाच खडे होते, गाळाने बरबटलेले. तिने मुद्दामच ते धुतले नव्हते. गाळ हाच तर पुरावा होता.

"काय हे, वहिनी?"

"तुमच्या आईंच्या गौरी. नाहीतर माझ्या. ज्या वर्षीच्या असतील त्या. अमृततीरच्या नळीत मिळाल्या."

केदार दचकला, पण घटकाभरच. मग त्याने घाटल्याची वाटी ओढून घेतली. "वहिनी, सगळेच करतात हो. त्या वळणावर पुढे भिंत बांधणार आहोत आम्ही."

"सगळे करतात म्हणून तुम्ही पुतणीला पुरात बसवणार?"

"हळू बोल," हृषीकेश म्हणाला. "घरातली गोष्ट आहे."

"घरातलीच आहे. तुमची मुलगी आहे ती."

अर्णवने ताटलीकडे वाकून पाहिलं. "पण आई, कुठलेही खडे असू शकतात ना हे? यंत्राने काय लिहिलंय?"

"यंत्राने लिहिलंय, केळंब्यात बर्फ पडतो!"

"यंत्र म्हणतं, हे खडे अमृततीरच्या जमिनीतले आहेत," केदार हळूहळू म्हणाला. बोलता बोलता त्याचा चेहरा उजळत गेला. नीलाक्षीला तो चेहरा ओळखीचा होता. फुकट काही मिळायची वेळ आली की तो असाच उजळे. "वर सरकारी शिक्का आहे. आणि डॉ. नीलाक्षी खांबेटे स्वतः म्हणतात, या गौरी आहेत. म्हणजे माझ्या जमिनीतून गौरी प्रकटल्या!"

तिला वाटलं, तो थट्टा करतोय. तेवढ्यात त्याने खडे रुमालात बांधून खिशात टाकलेसुद्धा. उलथनं हातात घेऊन ओवी बाहेर आली तेव्हा ताटलीत फक्त चिखलाचा डाग होता.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तुझ्या काकांनी तळ्यातला गाळ आपला म्हणून दिलाय," नीलाक्षी म्हणाली. "ओवी, उद्या सही करू नकोस. मी हात जोडते."

ओवीने आईला कधी हात जोडताना पाहिलं नव्हतं. ती जराशी थबकली. पण मग तिने काकाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि घावन करपल्याचा वास आला म्हणून आत गेली.

*

रात्रीतून बातमी जिल्हाभर गेली. सकाळी अमृततीरवर मांडव उभा होता आणि माणसांची रीघ लागली होती. 'स्वयंभू गौरी' असा फलकही लागला होता. जे लोक पुराच्या भीतीने गाळपत्रिका बघत होते, त्यांना आता पत्रिकाही बघायची नव्हती. देवीनेच जागा पसंत केलीय म्हटल्यावर उरलेले फ्लॅट दुपारपर्यंत संपतील, अशी चिन्हं होती. कालपर्यंत एकमेकांशी बेताने बोलणारे दोघे जण एकाच तळमजल्यावरून हमरीतुमरीवर आले होते. नीलाक्षी मांडवाच्या खांबाला टेकून हे बघत होती. ओरडून सांगायचं ते तिने ओरडून सांगितलं होतं. लोकांनी तिला प्रसाद दिला.

अभिषेकाला केदारने घरच्या माहेरवाशिणीला बसवलं. ओवी पाटावर बसली. समोर चांदीच्या ताम्हनात ते पाच खडे, अजून तसेच चिखलाने माखलेले. बाजूला अर्णव करारनामा आणि पेन घेऊन उभा होता. अभिषेक झाला की लगेच सही.

ओवीने दुधाची धार धरली. अंगठ्याने खड्यांवरचा चिखल चोळला. एक धुतला, दुसरा धुतला. तिसऱ्यावर तिचा अंगठा थांबला.

खांबापासून नीलाक्षीला खडा दिसत नव्हता. लेकीचा चेहरा दिसत होता. ओवीने तो खडा उजेडात धरला, पुन्हा चोळला, मग मान वर करून गर्दीत आईला शोधलं. दोघींची नजरानजर झाली. तिच्या नजरेत काय आहे ते नीलाक्षीला कळलं नाही, पण कित्येक वर्षांत ओवीने तिच्याकडे असं पाहिलं नव्हतं.

मग ओवीने पाचही खडे द्रोणात घेतले. तांब्यातलं पाणी तोंडात भरलं, गाल फुगवले आणि तांब्या घेऊन उठून चालायला लागली.

"ओवी, कुठे निघालीस?" केदार म्हणाला.

"अहो, तिच्याशी बोलू नका!" गर्दीतली एक बाई त्याच्यावर खेकसली. "गुळणी धरलीय तिने. गौरी निघाल्यात. विसर्जनाचा दिवस आहे ना आज?"

गर्दी दुभंगली. ज्या बायका फ्लॅटसाठी आल्या होत्या त्या पदर सावरून मागे चालू लागल्या. कोणीतरी पूजेतली घंटा उचलून केदारच्या हातात कोंबली. "वाजवा की. घरचे पुरुष ना तुम्ही?" आणि केदार वाजवत चालू लागला, कारण पाचशे माणसांदेखत गौरींची घंटा खाली ठेवायची त्याची छाती नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा तो दारापलीकडे गेला.

ओवी नदीकडे वळली नाही. बाजारातून, आळीतून, जांभ्याच्या पायऱ्या चढत ती वर गेली. पाचव्या महिन्याचं पोट सांभाळत, मध्ये दम खात, पण तोंड न उघडता. वाट कुठे जातेय ते कळलं तशी केदारची घंटा मंदावत गेली. सोमेश्वराच्या तळ्याच्या खालच्या पायरीवर नळी ठोकताना उडालेले दगडाचे कपचे अजून तसेच पडले होते. ओवीने ते पाहिले. मग द्रोण पाण्यात सोडला. चार खडे त्याबरोबर बुडाले. पाचवा तिने आधीच द्रोणातून काढून हातात ठेवला होता. तिने गुळणी टाकली.

"हे बघा," ती म्हणाली आणि खडा वर धरला. त्याच्या पोटाला एक जांभळा ठिपका होता. "नेलपॉलिश आहे हे. आठ वर्षांची होते मी. पुन्हा भेटला तर ओळखता यावा म्हणून आईच्या नकळत लावलं होतं, आणि इथूनच सोडला होता. याच पायरीवरून. काका, हा तुमच्या जमिनीत चालत गेला का?"

घंटेची आतली जीभ केदारने बोटांनी घट्ट धरून ठेवली होती.

"अर्णव, फाड तो कागद," ओवी म्हणाली. अर्णवने फाडला नाही, कारण तो अर्णव होता. पण त्याने त्याची घडी केली आणि खिशात टाकली.

कोणीतरी केदारची गचांडी धरेल, निदान शिवी तरी देईल, असं नीलाक्षीला वाटलं. तेवढ्यात मघाशी तळमजल्यावरून भांडणारा एक गृहस्थ पुढे आला.

"म्हणजे अठ्ठ्याण्णव गुण या तळ्याचे म्हणायचे?" त्याने केदारला विचारलं. "मग इथे फ्लॅट काढताय का?"

"इथे मिळाले तर फारच छान," त्याची बायको म्हणाली.

नीलाक्षीच्या तोंडी सगळं एकदम आलं. या गावाबद्दल, या माणसांबद्दल, दीराबद्दल, तिच्या शेजारी उभं राहून अजूनही कोणाची बाजू घ्यावी ते ठरवणाऱ्या नवऱ्याबद्दल, जावयाबद्दल. आणि सगळ्यात आधी, *मी सांगितलं होतं*. तिने श्वास घेतला, तोंड उघडलं.

ओवीने तांब्या तिच्यापुढे धरला.

"आई, गुळणी भर."

"अगं, पण..."

"विसर्जनाहून मूठभर माती घरी न्यायची असते. मला वाकवत नाही. तू ने."

नीलाक्षीने तांब्या घेतला, तोंड पाण्याने भरलं आणि पायरीवर वाकून तळाचा गाळ मुठीत घेतला. काळा, मऊ, जन्मभर हाताळलेला. त्यात एकही वाळूचा कण नव्हता. ओवीने तिचा दुसरा हात धरला आणि दोघी पायऱ्या उतरू लागल्या. वाटेत हृषीकेशने काही विचारलं, शेजारणीने काही विचारलं, वरिष्ठांचा फोन आला. घर येईपर्यंत नीलाक्षी कोणालाही एक शब्द बोलली नाही.